'मी आलो' की 'मी आले'? प्रवाही लिंगभावाचा निवेदक आणि दोन मारेकऱ्यांची चुरस

पानगळ (प्रश्न; पुढची उत्तरं देणाऱ्यांच्या टोपणनावांखाली)

तरुण वाचकांसाठी, साधारण १४ ते १८ वयोगटासाठी, एक अद्भुतरम्य कादंबरी लिहिणं चालू आहे. एकूण ३२ प्रकरणं आणि अंदाजे ८०,००० शब्द असा आराखडा आहे. नदीकाठच्या एका काल्पनिक नगरात मारेकऱ्यांच्या दोन मंडळ्या आहेत, 'काजळ' आणि 'वात'. दर वर्षी नगरसभा दोन्ही मंडळ्यांना एकच नाव देते. ते काम जी मंडळी आधी पार पाडेल, तिच्याकडे पुढच्या वर्षभराची सगळी कामं जातात. यंदा नाव निघालंय टांकसाळीच्या प्रमुखाचं. काजळकडून रेव जाणार, वातकडून इंगळ. दोघंही सतरा-अठरा वर्षांची.

रेव जेंडरफ्लुइड आहे, म्हणजे लिंगभाव प्रवाही. कधी मुलगा, कधी मुलगी, कधी दोन्ही नाही. इंगळ मुलगी आहे. अडचणी अशा:

१. निवेदन प्रथमपुरुषी हवंय, रेवच्याच तोंडून. पण मराठीत 'मी' म्हटलं की पुढचं क्रियापद लिंग सांगून मोकळं होतं. तिसऱ्या प्रकरणापर्यंत येईतो वाक्यं वळवून वळवून कृत्रिम झाली आहेत.

२. तृतीयपुरुषात 'ते' वापरून पाहिलं. 'ते आले' लिहिलं की कुणी वयस्कर सद्गृहस्थ आल्यासारखं वाटतं, आणि 'ते आलं' लिहिलं की माणसाचं मांजर होतं.

३. मारेकरी म्हटला की वेषांतर आलंच. मग वाचक लिंगभावालाही वेषांतरच समजेल का?

४. चुरशीचा भाग चकमकींची यादी वाटतोय. तो कसा बांधावा?

कर्मणीप्रयोग

पहिल्या दोन प्रश्नांवर. क्रियापदांचा तक्ता नीट समोर मांडला तर मराठी वाटते तितकी आडमुठी नाही. लिंग कुठे दिसतं आणि कुठे दिसत नाही, एवढं पक्कं करा.

भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही. 'मी दार उघडलं', 'मी सुरी काढली', 'मी दोर कापला' या तिन्ही वाक्यांत क्रियापद दार, सुरी आणि दोर यांच्यामागे गेलं आहे. 'मी त्याला मारलं' हा तर भावे प्रयोग, तिथे ते कुणाच्याच मागे जात नाही. मारेकऱ्याच्या कथेत अशी क्रियापदं ढिगाने येतात. अडवतात ती अकर्मक: गेलो, आलो, बसलो, उठलो, घाबरलो, पडलो, थांबलो.

त्यांना जोडीदार शोधावे लागतात. निघण्याऐवजी वाट धरली, पळण्याऐवजी धूम ठोकली, पोहोचण्याऐवजी दार गाठलं, घाबरण्याऐवजी पोटात गोळा आला, पडण्याऐवजी तोल गेला. हे सगळे मराठीत आधीपासून रुळलेले वाक्प्रचार आहेत, त्यामुळे वाक्य ओढूनताणून वळवल्यासारखं वाटत नाही. कृत्रिमपणा येतो तो जिथे लेखक 'माझ्याकडून जाण्यात आलं' असं काहीतरी करतो तिथे.

एक परिच्छेद दोन्ही तऱ्हांनी पाहा.

'मी भिंतीवर चढले. वर पोहोचले तेव्हा पहारेकरी वळत होता. मी घाबरले, पण थांबले नाही. गच्चीवर उतरले आणि दाराशी गेले.'

इथे सहा क्रियापदं लिंग सांगतात. आता हे:

'भिंत मी चार दमांत पार केली. वरचा कठडा हाताला लागला तेव्हा पहारेकरी वळत होता. पोटात गोळा आला, पण हात सुटू दिला नाही. गच्चीवर पाय टेकवले, दार गाठलं.'

'टेकवले' मधला 'ले' पायांचा आहे, रेवचा नाही. शिवाय दुसऱ्या तऱ्हेत वस्तू आणि अवयव पुढे आले, त्यामुळे दृश्य जास्त ठसठशीत झालं.

काही सापळे आहेत. सकर्मक दिसणारी थोडी क्रियापदं भूतकाळातही कर्त्याला चिकटून राहतात: बोललो, भेटलो, विसरलो, शिकलो, समजलो, जिंकलो, हरलो. 'मी म्हणालो / म्हणाले' उघडं पडतं, पण 'मी म्हटलं' सुटतं. संवादाच्या मागे सगळीकडे 'म्हटलं', 'विचारलं', 'सांगितलं' ठेवा, अर्धं काम तिथेच होतं. सहायक क्रियापदंही घात करतात. 'धावू लागलो', 'करू शकले' यांत लिंग शेपटीत लपलेलं असतं. 'मला करता आलं' निर्धोक. 'एकटा / एकटी', 'दमलेला / दमलेली' ही विशेषणंही तपासा. चपळ, सावध, तरबेज, हुशार यांना लिंगाचं काही पडलेलं नसतं.

भविष्यकाळ पूर्ण मोकळा आहे: मी जाईन, तू जाशील. 'मी जाणार आहे' मोकळं, 'मी जाणार होतो / होते' बांधलेलं. 'मी जात आहे' मोकळं, पण बोलीतलं 'जातोय / जातेय' बांधलेलं. 'मी जात नाही' मोकळं, 'मी गेलो नाही' बांधलेलं.

आणि एक गोष्ट आधीच ठरवून टाका: निवेदन वर्तमानकाळात नको. या प्रकारच्या इंग्रजी पुस्तकांत प्रथमपुरुषी वर्तमानकाळ फार चालतो, म्हणून तो उचलावासा वाटतो. मराठीत तोच सगळ्यात महाग पडतो, कारण वर्तमानकाळात सकर्मक क्रियापदाची ही सवलत मिळत नाही. 'मी दार उघडतो / उघडते', दर वाक्याला निवड. भूतकाळ घ्या.

तृतीयपुरुषाबद्दल: आदरार्थी अनेकवचनात फक्त 'ते / त्या' आणि त्यांची भूतकाळी क्रियापदं लिंग सांगतात. 'त्यांनी', 'त्यांना', 'त्यांचं' सगळ्यांना सारखंच. 'रेव यांनी दार उघडलं. त्यांना आवाज आला.' यात काहीच उघड होत नाही. पण सतरा वर्षांच्या पात्राला पानभर आदरार्थी लावलं तर वाचक दूर राहतो. मंडळीचं दफ्तर, हुकूमनामा, पहारेकऱ्याची टिपणं अशा मजकुरापुरतं ते राखून ठेवा. तिथे ते शोभतं.

भरतीओहोटी

वरची व्याकरणाची मांडणी बिनचूक आहे, पण ती सरसकट वापरण्याला ठाम विरोध. लिंग कुठेच न दिसणारं निवेदन लिहिलं तर तयार होतं ते लिंगभाव नसलेलं पात्र. रेव तसं नाही. प्रश्नातच लिहिलंय: कधी मुलगा, कधी मुलगी, कधी दोन्ही नाही. मग मराठी क्रियापदाने जे फुकट दिलंय ते फेकून का द्यायचं? इंग्रजीत 'आय केम' म्हणणाऱ्याचा लिंगभाव वाचकाला कळवायचा तर दुसऱ्या कुणीतरी सर्वनाम उच्चारावं लागतं. मराठीत रेव स्वतः, स्वतःच्या तोंडाने, एका अक्षरात सांगते किंवा सांगतो. 'आलो.' 'आले.' एवढी सोय आहे.

म्हणून तीन सूर ठेवा. 'लो'चा, 'ले'चा आणि तिसरा लिंग न सांगणारा, वर दाखवलेला. तिसरा सूर 'दोन्ही नाही' त्या दिवसांचा. मग तो लपवाछपवीसाठी वापरला असं न वाटता रेवचा स्वतःचा होतो.

पाळायचे नियम थोडेच. सूर बदलायचा तो प्रसंग बदलताना, एका प्रसंगाच्या मध्ये नाही. नवा प्रसंग सुरू झाला की पहिल्या दोन वाक्यांत निदान एक स्पष्ट क्रियापद द्या: 'पहाटे उठले तेव्हा पूल ओला होता.' वाचकाच्या कानाला खूण मिळाली की तो पुढे अडखळत नाही. खूण पाचव्या-सहाव्या वाक्यात आली तर त्याला छापण्यातली चूक वाटते. पहिला बदल पहिल्या तीन प्रकरणांत घडवा आणि त्याचं स्पष्टीकरण देऊ नका. दुसऱ्या बदलाच्या वेळी एखाद्या ओळीत रेवने सहज उल्लेख केला तरी पुरे.

आता सर्वात घातक चूक. लेखकाच्या नकळत सूर स्वभावाला चिकटतो. धाडस केलं, खून केला, भांडण जिंकलं की 'लो'. रडू आलं, जखमेला पट्टी बांधली, प्रेमात पडलं की 'ले'. असं झालं तर पुस्तक लिंगभावाबद्दल जे म्हणू पाहतंय त्याच्या बरोबर उलटं म्हणतं. तपासायची रीत सोपी आहे. एका कागदावर तीन रकाने आखा: प्रकरण, सूर, मुख्य घटना. ३२ ओळी भरा. मग घटनेचा रकाना झाकून सूर वाचा, आणि सूर झाकून घटना वाचून सूर ओळखायचा प्रयत्न करा. घटनेवरून सूर ओळखता येत असेल तर तिथे मुद्दाम अदलाबदल करा. भिंत चढणारी रेव 'चढले' म्हणू दे, आईची आठवण काढणारा रेव 'रडलो' म्हणू दे.

बदलाला कारणही जोडू नका. कपडे बदलले म्हणून, हरल्यामुळे, कुणी टोमणा मारला म्हणून सूर बदलला असं एकदा जरी झालं तरी वाचक पुढे प्रत्येक वेळी कारण शोधत बसतो.

एक बारकावा राहिला. 'आम्ही आलो', 'आपण आलो' यांत लिंग नसतं, म्हणून 'मी'च्या जागी 'आम्ही' वापरायचा मोह होतो. पण एकट्याने 'आम्ही' म्हटलं की राजेशाही थाट येतो. शिवाय त्याचा शेवट 'लो' असल्यामुळे कान तो पुरुषाचाच समजतो. मंडळीच्या शपथेत 'आम्ही' ठेवा, तिथे त्याचं वजन आहे.

भरजरी

तिसऱ्या प्रश्नावर. भीती रास्त आहे आणि मराठी वाचकाच्या बाबतीत जरा जास्तच, कारण आपल्या डोक्यात दोन गोष्टी आधीपासून बसलेल्या आहेत.

एक बृहन्नडा. अर्जुन अज्ञातवासाचं वर्ष विराटाच्या अंतःपुरात काढतो, राजकन्या उत्तरेला नृत्य शिकवतो. उर्वशीचा शाप त्या वर्षी कामाला येतो, पण कथेच्या दृष्टीने ते लपणंच आहे. मुदत संपली की गांडीव हातात. दुसरी गोष्ट इलाची. रामायणाच्या उत्तरकांडातला इल राजा शिवाच्या वनात शिरतो आणि स्त्री होतो. पार्वती अर्धाच वर देते, म्हणून एक महिना पुरुष, एक महिना स्त्री. आणि एका रूपात असताना दुसऱ्या रूपातलं काही आठवत नाही. हा शरीराचा बदल आहे, तोही बाहेरून लादलेला.

रेव या दोन्हींपैकी काहीच नाही. शरीर तेच, आठवण अखंड, शाप कुणाचा नाही आणि लपवायचंही काही नाही. वाचकाला हा फरक सांगून पटत नाही, प्रसंगातून दाखवावा लागतो. त्यासाठी तीन प्रसंग लागतात.

पहिला, रेव एकट्याने असताना. फसवायला समोर कुणीच नाही, खोलीचं दार बंद, हत्यारं तेलाने पुसणं चाललंय, आणि तरी निवेदनाचा सूर 'ले' आहे. प्रेक्षक नसताना टिकतं ते वेषांतर नव्हे. हा प्रसंग पहिल्या पाच प्रकरणांतच हवा.

दुसरा, सूर एक आणि वेष दुसरा. कामासाठी रेवला टांकसाळीत हमाल म्हणून शिरायचंय आणि त्या दिवशी आतून मुलगी आहे. बाहेरचे लोक 'ए पोऱ्या' म्हणतात, निवेदन 'वाकले, पोतं उचललं, चालू लागले' असं चालू राहतं. एका पानावर दोन्ही दिसतात आणि वाचकाला वेष आणि रेव यांतली फट दिसते. त्याची किंमतही दाखवा. रेवला हाकेला वळायला निमिष उशीर होतो, आणि मुकादम दुसऱ्यांदा निरखून बघतो. मारेकऱ्याच्या कामात तेवढा उशीर जिवावर बेतू शकतो, म्हणजे हा प्रसंग कथानकही पुढे नेतो.

तिसरा, वेष आणि सूर जुळलेले असताना. तिथे काम लोण्यासारखं होतं. हा प्रसंग छोटा ठेवा.

काही पुस्तकांत पात्र त्या दिवशीची खूण अंगावर बाळगतं, एखादा धागा किंवा रंग. मारेकऱ्याच्या बाबतीत ते पटत नाही. ओळख पटेल अशी वस्तू अंगावर ठेवायची नाही, हा त्या धंद्याचा पहिला नियम असणार. रेवचा सूर फक्त ज्यांना सांगितलाय त्यांनाच माहीत. कुणाला सांगितलंय, हीच मग जवळिकीची मोजपट्टी होते.

शब्दांबद्दल: 'तृतीयपंथी' हा शब्द इथे लावू नका. त्याला स्वतःचा समाज आणि इतिहास आहे, रेवची गोष्ट वेगळी. कथेच्या जगात 'जेंडरफ्लुइड' हाही शब्द खटकेल. त्या जगाचा एखादा साधा शब्द घडवा, तो तीन-चारदाच येऊ दे आणि कुणीही त्याची व्याख्या सांगू नये. 'सुपारी' हा शब्दही टाळा. तो आला की वाचक काल्पनिक नगरातून थेट गुन्हेगारीच्या बातमीत जातो. 'कामगिरी' किंवा 'चिठ्ठी' चालेल.

पानगळ

तीन सुरांची कल्पना घेतेय. रकान्यांचा कागद लगेच भरला. सगळे खून 'लो'मध्येच निघाले, आता बदल चालू आहेत. एक नवा पेच: इंगळ रेवला एकेरी हाक मारते. 'तू आलास' की 'तू आलीस'? तिला रेवचा सूर माहीत नाही, निदान सुरुवातीला.

कर्मणीप्रयोग

भरतीओहोटीचा मुद्दा मान्य. तीन सूरच बरोबर.

इंगळचा पेच मात्र पेच मानू नका, तुमच्या कादंबरीचं सर्वात धारदार हत्यार तेच आहे. 'तुम्ही' लिंग विचारत नाही: तुम्ही आलात, तुम्ही होतात, तुम्ही जाता. 'तू' विचारतं: आलास / आलीस, होतास / होतीस, जातोस / जातेस. म्हणजे मराठीत अहो-जाहोवरून अरे-तुरेवर यायचं तर समोरच्याचा लिंगभाव ठरवावाच लागतो. दोन वैऱ्यांमधली जवळीक मोजायला याहून चांगलं माप कुठलं?

दोन्ही मंडळ्यांचा शिष्टाचार ठरवा: विरुद्ध मंडळीच्या माणसाला नेहमी 'तुम्ही', वय काहीही असो. इंगळ पहिली वीसेक प्रकरणं 'तुम्ही'च म्हणेल.

'तुम्ही उशिरा आलात,' इंगळ म्हणाली.

'पुलावर पहारा होता,' मी म्हटलं.

मग ती 'तू'वर येते. पण इंगळ निरीक्षण करणारी आहे, न विचारता चुकीचं बोलणार नाही. ती सकर्मकाचा आधार घेते. 'उशीर केलास.' 'दोर कुठे ठेवलास?' 'जेवण केलंस का?' 'सुरी आणलीस ना?' यांतलं प्रत्येक क्रियापद उशीर, दोर, जेवण, सुरी यांच्यामागे गेलंय, रेवबद्दल काहीच म्हणत नाही. पहिल्या वाचनात कुणाच्या लक्षात येणार नाही. आणि मग एका प्रसंगात:

'तू उशिरा आ...' तिनं वाक्य तिथेच सोडलं. वातीची काजळी नखाने खरवडली. 'आज काय म्हणू?'

इथे वाचक मागची पानं उलटून बघेल, आणि त्याला कळेल की इतके दिवस इंगळ शब्द जपून टाकत होती. हे इंग्रजीत लिहिताच येणार नाही.

फक्त विशेषणांवर डोळा ठेवा. 'तुम्ही एकटे?' 'तुम्ही दमलेल्या दिसता' यांत आदरार्थीसुद्धा लिंग सांगून जातं. इंगळच्या तोंडी त्याऐवजी 'सोबत कोणी नाही?' आणि 'झोप झालेली दिसत नाही' द्या. उलट, शत्रुत्वाने वागणाऱ्या एखाद्या पात्राच्या तोंडी मुद्दाम चुकीचा सूर द्यायचा असेल तर एकदाच द्या, तेवढा पुरतो.

चकोर

चौथ्या प्रश्नावर कुणी लिहिलं नाही, म्हणून.

चुरस चकमकींची यादी वाटते, कारण दोघांचं लक्ष्य एक असलं तरी रीत एकच ठेवलेली असते. कौटिलीय अर्थशास्त्रात गूढपुरुषांचे, म्हणजे हेरांचे, प्रकार वेगवेगळे दिलेत. त्यांत 'तीक्ष्ण' म्हणजे जिवावर उदार होऊन शस्त्र चालवणारा, आणि 'रसद' म्हणजे विष घालणारा. ही विभागणी उचला. रेव तीक्ष्ण, इंगळ रसद. आता त्यांचं वेळापत्रकच वेगळं होतं. तीक्ष्णाला एक क्षण, अंतर आणि सुटकेची वाट लागते. रसदाला स्वयंपाकघरात विश्वास कमवायला आठवडे लागतात. रेवने घाई केली तर टांकसाळप्रमुख सावध होतो आणि इंगळची तीन आठवड्यांची मेहनत वाया जाते. इंगळने आधी विष दिलं तर रेवची मंडळी वर्षभर उपाशी. प्रत्यक्ष झुंज न होताही प्रत्येक प्रकरणात एकाच्या पावलाने दुसऱ्याचा डाव मोडतो. समोरासमोरची चकमक ३२ प्रकरणांत तीनदाच ठेवा.

आणि प्रत्येकाकडे असं एक कसब द्या की ज्यावाचून दुसऱ्याचं अडतं. इंगळला कुलपं येत नाहीत, रेवला विषाचा वास ओळखता येत नाही. दोघांना एकत्र आणायला योगायोग लागत नाही मग.

डाव फसण्याची कारणं बारीक आणि डोळ्यांना दिसणारी हवीत. 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकात चंद्रगुप्ताला झोपेत मारण्यासाठी माणसं शयनगृहाखालच्या भुयारात लपवलेली असतात. चाणक्य आधी खोली तपासतो आणि भिंतीच्या फटीतून अन्नाचे कण घेऊन बाहेर पडणाऱ्या मुंग्या बघतो. आत माणसं आहेत हे त्याला तेवढ्यावरून कळतं. त्याच नाटकात वैद्य औषधात विष मिसळतो आणि सोन्याच्या भांड्यात रंग बदलल्यामुळे पकडला जातो. पहारेकरी अचानक आला, पायाखाली फांदी मोडली, असल्या अपघातांऐवजी मुंग्यांसारखं कारण शोधा: मारेकऱ्याने घेतलेली खबरदारीच त्याला उघडं पाडते. माणसं उपाशी राहू नयेत म्हणून अन्न नेलं, त्या अन्नानेच घात केला.

विष खऱ्या जगातलं घेऊ नका, आणि तरुण वाचकांच्या पुस्तकात कृती तर नकोच. काल्पनिक विषाच्या तीन गोष्टी एकदा ठरवून पुस्तकभर पाळा: किती वेळाने लागतं, पहिली खूण कोणती, उतारा काय. वेळ प्रसंगाच्या गरजेनुसार बदलली की वाचकाचा विश्वास उडतो. विष ओळखण्याच्या रीतीही लागतील. अर्थशास्त्रात राजाच्या अन्नातला घास अग्नीत टाकून ज्वाळेचा रंग बघायला सांगितलाय, आणि विषाजवळ चकोराचे डोळे रंग बदलतात असंही म्हटलंय. चकोराचं शास्त्रात बसत नाही, पण अद्भुतरम्य जगात असा एक पक्षी टांकसाळप्रमुखाच्या मुदपाकखान्यात पिंजऱ्यात टांगला की इंगळची वाट एकदम अवघड होते.

एक पायाभूत निर्णय बाकी दिसतोय: काम झाल्यावर मारेकरी परत येतो का? इराणातल्या अलमूत किल्ल्यावरून १०९० पासून काम करणाऱ्या निझारी इस्माइली पंथाच्या फिदायींनी, म्हणजे जिवावर उदार मारेकऱ्यांनी, १०९२ मध्ये सेल्जुक साम्राज्याचा वजीर निजाम-उल-मुल्क याला मारलं ते जवळ जाऊन, खंजिराने. पळून जायची आशा बहुधा धरलेलीच नसे, आणि दहशतही त्यातूनच पसरे. तुमच्या मंडळ्या परतीची वाट ठेवणाऱ्या असतील तर शिक्षणातला मोठा भाग पळण्याचा असेल: छपरं, पूल, पाण्याखाली श्वास धरणं. परत न येणाऱ्या असतील तर सतरा वर्षांच्या मुलांना तिथे पाठवणारे वडीलधारे कोण, हा प्रश्न कादंबरीला टाळता येणार नाही. दोन मंडळ्यांची उत्तरं वेगळी ठेवता आली तर फार चांगलं. काजळ परत आणते, वात आणत नाही. इंगळला हे माहीत असतं आणि रेवला नसतं.

पहिला खून कधी दाखवायचा? पुस्तकाच्या पहिल्या चौथाईच्या आत, आणि ज्याला मारलं त्याचं नाव वाचकाला माहीत असताना. अनोळखी पहारेकऱ्यांचे ढीग पडले की पुढच्या कुठल्याच मरणाला वजन राहत नाही.

खिळेजुळणी

छापायला जाण्याआधीचं थोडं. वरचं सगळं नीट साधलं तरी मुद्रितशोधनात ते मोडतं. शोधकाला एका प्रकरणात 'गेलो' आणि दुसऱ्यात 'गेले' दिसलं की तो प्रामाणिकपणे एकसारखं करतो. त्यात त्याची चूक नाही, त्याला कुणी सांगितलेलं नसतं. हस्तलिखितासोबत एक पान जोडा: प्रकरण क्रमांक, प्रसंग क्रमांक, सूर. तिथे ठळक लिहा की 'मी'ची क्रियापदं या पानाशी ताडून पाहावीत, एकमेकांशी नाही.

लेखनाची एक गोष्ट पहिल्या पानापासून ठरवा. प्रमाण ग्रांथिक पद्धतीने 'मी दार उघडले' लिहिलं तर तो नपुंसकलिंगी 'ले' दाराचा असतो, पण 'मी आले' वाचून आलेल्या डोळ्यांना तो रेवचा वाटतो. 'लो'च्या प्रकरणात 'मी आलो, दार उघडले' हे वाक्य सरळसरळ चुकल्यासारखं दिसतं. म्हणून निवेदनात सगळीकडे अनुस्वाराचं बोलीरूप ठेवा: उघडलं, केलं, पाहिलं. मग 'ले' दिसला की तो एकतर रेवचा किंवा अनेकवचनाचा. हुकूमनामे आणि दफ्तरातल्या नोंदी तेवढ्या ग्रांथिक ठेवा, त्यांचा बाज वेगळा दिसायला मदतच होईल.

शोधाची सोय वापरा. 'लो' आणि 'ले' वेगवेगळे शोधून प्रत्येक प्रसंगात कर्ता कोण हे बघा. 'होतो / होते' आणि 'चो / चे' (जायचो / जायचे) विसरू नका. सगळ्यात जास्त चुका तिथेच राहतात, कारण 'होते' हे आदरार्थी आणि अनेकवचनी म्हणूनही येतं आणि डोळा त्यावरून घसरतो. वर्तमानकाळातलं 'तो / ते' (मला वाटतं ठीक, पण 'मी मानतो / मानते') निवेदनात अधूनमधून शिरतं, तेही तपासा. मग पूर्ण पुस्तक एकदा मोठ्याने वाचून घ्या, शक्यतो ज्याला कथा माहीत नाही अशा माणसाकडून. तो जिथे अडखळून मागे जाईल तिथे सुरुवातीची खूण उशिरा आलेली असते.

मलपृष्ठाचा मजकूर स्वतः लिहा, दुसऱ्यावर सोडू नका. तिथे हमखास 'एका मुलीची थरारक कहाणी' छापून येतं. दोन वाक्यं नावाने आणि भविष्यकाळात लिहिली की प्रश्न मिटतो: 'टांकसाळीचा प्रमुख पौर्णिमेपर्यंत मरेल. रेव आधी पोहोचेल की इंगळ?'